वेशीवरचा वानर

मलकापूरहून अकोल्याकडे निघालेली गाडी नांदुऱ्याजवळ आली की डब्यातली, बसमधली माणसं आपसूक एका बाजूला वाकून बघू लागतात. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला इथे १०५ फूट उंचीचा हनुमान उभा आहे. पांढराशुभ्र, गदाधारी. आजूबाजूला एवढं उंच काहीच नसल्यामुळे तो लांबूनच दिसू लागतो. पुढे आंध्र प्रदेशात परिताला इथे १३५ फुटांची मूर्ती झाली, सिमल्याच्या जाखू टेकडीवर १०८ फुटांची झाली. पण बुलढाणा जिल्ह्याबाहेर नांदुऱ्याचं नाव निघालं की आजही पहिल्यांदा हाच मारुती आठवतो.

याच जिल्ह्यात, घाट चढून लोणारला गेलं की दुसरा मारुती भेटतो, तो चक्क आडवा पहुडलेला आहे. तिसरा मारुती गावोगाव, वेशीजवळच्या पारावर, शेंदराच्या थरांखाली नाकडोळे बुजलेला. आणि या तिघांच्या अवतीभवती, चिंचेवर, वडावर, शाळेच्या टिनपत्र्यावर, हरभऱ्याच्या वावरात वावरणारा चौथा. हा हाडामांसाचा, काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा. वऱ्हाडी बोलीत त्याला वांदर म्हणतात आणि टोळीच्या म्होरक्या नराला हुप्प्या.

देवांच्या अंशातून जन्मलेले, हवं ते रूप घेणारे, समुद्र उडून जाणारे वानर ही जगातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत भरघोस कल्पनासृष्टींपैकी एक आहे. ती इतकी वर्षं ताजी राहिली याचं एक कारण भक्ती आहेच. दुसरं कारण झाडावर बसलेलं आहे. ज्या समाजाने ही सृष्टी रचली आणि जपली, त्याच्या डोळ्यांसमोर खरे वानर रोज वावरत होते. बुलढाण्यात कथेतला वानर आणि रानातला वानर आजही एकाच गावात नांदतात, म्हणून दोघांची ओळख एकत्र करून घ्यायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

सिद्धींना घातलेली कुंपणं

वाल्मीकींच्या बालकांडात वानरांचा जन्म ठरवून झालेला आहे. विष्णू रामरूपाने अवतरणार हे पक्कं झाल्यावर ब्रह्मदेव सगळ्या देवांना सांगतात, आपापल्या सामर्थ्याचे पुत्र वानररूपात निर्माण करा. इंद्राचा वाली झाला, सूर्याचा सुग्रीव, अग्नीचा नील, विश्वकर्म्याचा नल, वरुणाचा सुषेण, अश्विनीकुमारांचे मैंद आणि द्विविद, वायूचा हनुमान. जांबवान हा अस्वलांचा राजा तर ब्रह्मदेवाच्या जांभईतून प्रकटला. ही सगळी मंडळी कामरूपी, म्हणजे मनात येईल ते रूप धारण करणारी.

बापाचा गुण लेकात उतरतो, हा या सृष्टीतला पहिला नियम. देवांचा स्थापत्यकार विश्वकर्मा. त्याचा मुलगा नल समुद्रावर पूल बांधतो. पाच दिवसांत शंभर योजनं पूर्ण होतात आणि वाल्मीकींनी दिवसागणिक हिशेब दिला आहे: पहिल्या दिवशी १४, मग २०, २१, २२ आणि शेवटच्या दिवशी २३ योजनं. हात बसत जातो तसा कामाचा वेग वाढतो. दगड पाण्यावर का तरंगले, याचं कारण नंतरच्या कथांनी दिलं. लहानपणी ऋषींच्या वस्तू पाण्यात फेकून देणाऱ्या पोराला ऋषींनी सांगितलं की तू फेकलेलं काही बुडणारच नाही. शिक्षा म्हणून मिळालेली गोष्ट पुढे उपयोगी पडली.

दुसरा नियम असा, की प्रत्येक शक्तीला हद्द आहे. समुद्रकिनारी अडकलेल्या वानरांत ‘कोण किती लांब उडी मारू शकतो’ याची विचारणा होते, तो प्रसंग पाहावा. गज म्हणतो दहा योजनं. गवाक्ष वीस. गंधमादन पन्नास, मैंद साठ, द्विविद सत्तर, सुषेण ऐंशी. म्हातारा जांबवान म्हणतो, तरुणपणीची गोष्ट वेगळी होती, आता नव्वद. समुद्र शंभर योजनांचा. अंगद शंभर योजनं जाऊ शकतो, पण परत येण्याची त्याला खात्री नाही. एवढ्या सामर्थ्यवान सेनेचं सगळं काम परतीच्या उडीसाठी अडतं.

हनुमान या वेळी एका बाजूला गप्प बसलेला असतो, आणि त्याच्या गप्प बसण्यालाही कारण आहे. बालपणी सूर्य फळ समजून तो आकाशात झेपावला, इंद्राच्या वज्राने त्याची हनुवटी दुखावली आणि रागावलेल्या वायूने साऱ्या जगाचा श्वास कोंडला. वायूची समजूत घालायला देवांनी पोराला वर दिले. इंद्राने वज्रापासून अभय दिलं, सूर्याने आपल्या तेजाचा शंभरावा भाग आणि विद्या देण्याचं वचन दिलं. एवढे वर मिळालेलं पोर मग आश्रमांत धुडगूस घालू लागलं. यज्ञाची भांडी फोडावीत, वल्कलं फाडावीत. शेवटी ऋषींनी शाप दिला की तुला तुझं बळ आठवणारच नाही. कुणीतरी आठवण करून दिली तरच ते जागं होईल. जांबवान ती आठवण देतो आणि कथा समुद्रापार जाते.

वालीलाही असंच कुंपण आहे. त्याने दुंदुभी राक्षसाचं प्रेत भिरकावलं, त्याचं रक्त मतंग ऋषींच्या आश्रमावर सांडलं, आणि ऋष्यमूक पर्वतावर पाऊल ठेवलंस तर मरशील असा शाप त्याला मिळाला. म्हणून सुग्रीव नेमका त्याच पर्वतावर लपतो. ब्रह्मास्त्राचा नियम तर फारच बारकाईने रचला आहे. इंद्रजित हनुमानाला ब्रह्मास्त्राने बांधतो. ते पाहून उत्साहात आलेले राक्षस त्याला वर दोरखंडांनीही आवळतात. पण ब्रह्मास्त्र दुसरं बंधन सोबत खपवून घेत नाही, त्यामुळे दोर आवळताच अस्त्र सुटतं. इंद्रजिताला ही चूक कळते, बाकीच्या राक्षसांना कळत नाही, आणि हनुमान बांधल्याचं सोंग घेऊन निमूट रावणाच्या दरबारात जातो.

देवांचे पुत्र, तरीही वानर

एवढं दैवी बळ देऊनही वाल्मीकींनी वानरांचं वानरपण पुसलं नाही. सुंदरकांडात हनुमान रात्री मांजराएवढा लहान होऊन लंकेत शिरतो. रावणाच्या अंतःपुरात मंदोदरी झोपलेली दिसते. हीच सीता, असं त्याला क्षणभर वाटतं आणि त्याचा आनंद पोटात मावत नाही. तो दंड थोपटतो, शेपटीचं चुंबन घेतो, खांबावर चढतो, खाली उडी टाकतो, गातो, नाचतो. शत्रूच्या घरात मध्यरात्री आलेला हेर हे सगळं करतो, आणि कवी सरळ सांगतो की हा वानराचा स्वभाव होता. पुढच्याच क्षणी हनुमान भानावर येतो आणि सीता अशी निर्धास्त झोपणार नाही, हे त्याच्या लक्षात येतं.

सीतेचा शोध लावून परतताना हीच मंडळी मधुवनात घुसतात. हे सुग्रीवाचं राखीव वन, त्याचा मामा दधिमुख त्याची राखण करतो. वानर मध पिऊन झिंगतात, झाडं मोडतात, कुणी रडतं, कुणी हसतं, राखणदाराला मार बसतो. दधिमुख तक्रार घेऊन धावतो तेव्हा सुग्रीव चिडत नाही. काम फत्ते झाल्याशिवाय ही पोरं माझ्या वनाला हात लावणार नाहीत, असा अर्थ तो काढतो, आणि सीता सापडल्याची बातमी रामाला आधी अशी कळते.

मधुवनाची नासधूस ऐकताना बुलढाण्यातल्या शेतकऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. तुरीच्या शेंगा भरल्या की त्याच्याही वावरात दधिमुखाची पाळी येते.

या कथेच्या नकाशात विदर्भही आहे. सुग्रीव चार दिशांना चार तुकड्या पाठवतो: पूर्वेला विनत, पश्चिमेला सुषेण, उत्तरेला शतबली आणि दक्षिणेला अंगद, हनुमान, जांबवान. मुदत एक महिन्याची. दक्षिणेच्या तुकडीला शोधायच्या मुलखांची नावं सांगताना नर्मदा आणि गोदावरी या नद्यांच्या जोडीने विदर्भाचंही नाव येतं.

मराठी पारावरचा मारुती

संस्कृतातली ही सृष्टी मराठीत आली ती संतकवींच्या हातून. एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘भावार्थ रामायण’ लिहायला घेतलं. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाल्यावर ते थांबलं आणि पुढचं त्यांचे शिष्य गावबा यांनी पूर्ण केलं. श्रीधरांचा ‘रामविजय’ १७०३ साली पुरा झाला आणि चातुर्मासात देवळादेवळांत वाचला जाऊ लागला. या मराठी रामायणांत हनुमानाची शेपटी हे एक स्वतंत्र पात्रच होऊन बसतं. लंकेतली वस्त्रं संपतात, तेल संपतं, तरी शेपटी उरतेच. न संपणाऱ्या कामाला मराठी माणूस आजही ‘मारुतीचं शेपूट’ म्हणतो.

सतराव्या शतकाच्या मध्याला समर्थ रामदासांनी साताऱ्यापासून कोल्हापूर-सांगलीच्या बाजूपर्यंत अकरा मारुती स्थापन केले. चाफळ, मसूर, शहापूर, उंब्रज, शिराळा ही त्यांतली काही गावं. मल्लविद्या आणि मारुती यांचं नातं तिथून घट्ट झालं. तालमीत मारुतीची मूर्ती नसेल असा आखाडा महाराष्ट्रात विरळाच. मूर्तीही दोन ढंगांच्या असतात. हात जोडलेला तो दास मारुती. एक हात उगारलेला, पायाखाली राक्षसी दाबलेली, शेपटी डोक्यावरून वळलेली तो वीर मारुती.

बुलढाण्याच्या खेड्यातला मारुती मात्र अशा वर्गवारीत सहज बसत नाही, कारण त्याचं अंगच दिसत नाही. तेलात कालवलेला शेंदूर दर शनिवारी चढतो. वर्षानुवर्षांचे थर साचून मूर्ती फुगत जाते, हात छातीत मिसळतात, गदा खांद्यात विरघळते, आणि उरतात ते वरून बसवलेले चांदीचे दोन डोळे. गळ्यात रुईच्या पानांची माळ, समोर फुटलेला नारळ, बाजूला तेलाच्या वाट्या. पावसाळ्याआधी पेरणीची बोलणी याच पारावर होतात, निवडणुकीची आकडेमोड इथेच होते. लग्नाचा मांडव गाठण्याआधी नवरदेव घोड्यावरून उतरून इथे डोकं टेकवतो. ज्या ब्रह्मचाऱ्याने संसार केला नाही, त्याच्या साक्षीने गावाचे सगळे संसार सुरू होतात. शेगावातही गजानन महाराजांचा काही काळ मुक्काम गावच्या मारुती मंदिरात होता. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथात त्याचे प्रसंग आले आहेत.

लोणारचा मोठा मारुती

लोणारचं सरोवर अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं विवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेलं. काठावर आणि आत देवळांची रांग आहे, आणि त्यांत रामायणाशी नातं सांगणारी नावंही आहेत: रामगया, सीता न्हाणी. गावातलं दैत्यसूदन मंदिर लवणासुराच्या वधाची कथा सांगतं. विवराच्या उतारावर दाट झाडी आहे आणि तिथे वानरांच्या टोळ्या मनसोक्त वावरतात.

विवराच्या उत्तरेला सुमारे ७०० मीटरवर अंबर तळं आहे. त्याला छोटं लोणार म्हणतात. तिथे जवळच ‘मोठा मारुती’ पहुडलेला आहे. गाभाऱ्यात शिरल्यावर मूर्ती समोर दिसत नाही, खाली पाहावं लागतं. शेंदराने माखलेला लांबच लांब देह जमिनीवर आडवा आहे. या दगडात चुंबकीय गुण आहे, होकायंत्राचा काटा इथे हलतो, असं गावकरी आवर्जून सांगतात. दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतंच, त्यामुळे खडकाचं चुंबकत्व ही इथल्या भूशास्त्राला परकी गोष्ट नाही. आकाशातून आदळलेल्या अशनीच्या गावात आकाशात झेपावलेल्या वायुपुत्राची मूर्ती असावी, ही गोष्ट लोकांच्या मनाने लगेच उचलून धरली.

निजलेले मारुती थोडेच आहेत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात खुलताबादचा भद्रा मारुती असाच आडवा आहे. भद्रसेन राजाचं भजन ऐकता ऐकता हनुमानाला समाधी लागली, अशी तिथली कथा. हनुमान जयंतीला रात्रभर चालत लोक तिथे पोचतात. मध्य प्रदेशातल्या मराठीभाषक सौंसर भागात जामसावळीला तिसरा आहे.

शेपटी कुणाची, तोंड कुणाचं?

आता झाडावरच्या मंडळींकडे वळू. भारतात माकडांच्या बऱ्याच जाती आहेत; बिनशेपटीचा कपी मात्र एकच, ईशान्येकडच्या जंगलांतला हुलॉक गिबन. रामायणातल्या वानरांना शेपटी आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे, म्हणजे कल्पनेने घेतलेला नमुना कपीचा नसून शेपटीवाल्या माकडांचा आहे.

बुलढाण्यात सगळीकडे दिसतो तो काळ्या तोंडाचा वानर. फ्रेंच निसर्गतज्ज्ञ द्युफ्रेन यांनी १७९७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं ‘एंटेलस’, रोमन महाकाव्यातल्या एका मुष्टियोद्ध्याचं. त्याच्या भाऊबंदांना पुढे प्रायम, हेक्टर, अजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं मिळाली. युरोपीय शास्त्रज्ञांनाही हा प्राणी पाहून महाकाव्यच आठवलं.

त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं आहे. कप्प्यांमधले जिवाणू पाला आंबवतात, त्यामुळे इतर माकडांना न पचणारी जून पानंही तो पचवतो. दुपारी वडाच्या फांदीवर टोळी निवांत बसलेली दिसते ती आळसाने नाही. खाल्लेल्या पाल्याला वेळ द्यावा लागतो. लाल तोंडाच्या माकडाचं तसं नाही. त्याच्या गालात पिशव्या असतात, मिळेल ते भराभर कोंबायचं आणि सावकाश खायचं.

उडीच्या बाबतीत कथेने वास्तवाला फक्त मोठं केलं आहे. हा वानर सपाट अंतरात चार-साडेचार मीटर आणि उंचावरून खाली येताना दहा-बारा मीटर झेप घेतो. पहाटे हुप्प्याची ‘हूप हूप’ आरोळी साऱ्या शिवारात घुमते. वाघ किंवा बिबट्या दिसला की तोच नर खोकल्यासारखा खर्जातला इशारा देतो आणि खालचे चितळ कान टवकारतात. बदल्यात वरून पडलेला पाला, फळं चितळांना मिळतात. जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा आणि अंबाबरवा या दोन्ही अभयारण्यांत वाटाड्यांचे कान याच इशाऱ्याकडे लागलेले असतात. टिपेश्वरहून निघालेला गळपट्टेवाला वाघ २०१९ मध्ये हजाराहून जास्त किलोमीटर चालत ज्ञानगंगेत आला, तेव्हा त्याचं आगमन तिथल्या वानरांनी वनरक्षकांच्या आधी हेरलं असणार.

किष्किंधेच्या राजकारणाशी या टोळ्यांचं साम्य तर थक्क करणारं आहे. अनेक टोळ्यांत एकच प्रौढ नर, बाकी माद्या आणि पिल्लं असतात. हुसकावलेले नर वेगळा जथा करून हद्दीच्या कडेला राहतात आणि संधी साधून टोळीवर चाल करतात. जिंकला तर नवा हुप्प्या जुन्याला हाकलतो आणि काही वेळा जुन्याच्या पिल्लांना ठार मारतो. युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात धारवाडजवळ हे पाहिलं, तेव्हा जगातले अनेक प्राणिशास्त्रज्ञ विश्वास ठेवायला तयार नव्हते. १९७०च्या दशकात सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर दीर्घ अभ्यास करून त्याची मीमांसा मांडली. आता कथा आठवावी. वाली सुग्रीवाला हाकलतो, त्याची पत्नी रुमा आपल्याकडे ठेवतो. सुग्रीव मोजक्या साथीदारांसह हद्दीबाहेरच्या पर्वतावर दिवस काढतो. मग द्वंद्व होतं, वाली पडतो, आणि राज्याबरोबर वालीची पत्नी तारा सुग्रीवाकडे येते. फरक एकच, पण मोलाचा: मरणाऱ्या वालीचा मुलगा अंगद याला कुणी मारत नाही. त्याला युवराज केलं जातं. ज्यांनी ही कथा रचली त्यांनी टोळ्या जवळून पाहिल्या होत्या असं मानायला भरपूर जागा आहे, आणि रानात जे घडतं त्यापेक्षा वेगळं, न्यायाचं काहीतरी त्यांना सांगायचं होतं.

माद्यांचं जग निराळं. नवं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे केस गडद असतात, तोंड फिकट गुलाबी असतं, आणि टोळीतल्या मावश्या-आत्या ते हाताळायला टपून असतात. काही तासांतच पिल्लू एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरू लागतं. आईला तेवढ्यात चरून घेता येतं, तरुण माद्यांचे हात बाळ सांभाळायला शिकतात.

काळ्या तोंडाचं कारण लोककथा सांगते: लंका पेटवल्यावर हनुमानाने जळती शेपटी तोंडाने विझवली, म्हणून सगळ्या वंशाची तोंडं काळी झाली. मूर्तीत मात्र मारुती शेंदरी, आणि कथेतही त्याचं वर्णन सोनेरी-पिंगट छटेचं. ही छटा लाल तोंडाच्या माकडाच्या अधिक जवळची. देवळातल्या मारुतीत दोन्ही प्राणी एकत्र आले आहेत असं दिसतं: रंग आणि गाल माकडाचे, लांब शेपटी वानराची.

वेरूळपासून चीनपर्यंत

या सृष्टीचं दगडात कोरलेलं एक जुनं रूप बुलढाण्याहून काही तासांच्या अंतरावर आहे. वेरूळच्या कैलास मंदिरात, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदलेल्या मंडपाच्या दक्षिण भिंतीवर, पट्ट्यापट्ट्यांनी रामायण कोरलेलं आहे. त्यात सेतू बांधणारे वानर शिळा वाहून नेताना दिसतात. जावा बेटावरच्या प्रांबाननच्या मंदिरात नवव्या शतकात, कंबोडियात बांतेय स्रेइला दहाव्या शतकात वाली-सुग्रीवाची झुंज कोरली गेली. थायलंडच्या ‘रामकियेन’मध्ये हनुमान पांढराशुभ्र आहे, जांभई दिली की त्याच्या तोंडातून चंद्र आणि तारे बाहेर पडतात. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही. त्याला लग्नं आहेत, लेकरं आहेत.

चीनच्या सोळाव्या शतकातल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतला सुन वूकाँग दगडातून जन्मतो, बहात्तर रूपं घेतो, एका कोलांटीत एक लाख आठ हजार ‘ली’ अंतर कापतो. त्याच्याही शक्तीला कुंपण आहे: डोक्यावरचं सोन्याचं कडं मंत्राने आवळलं की तो कळवळतो. चिनी विद्वान हू शी यांनी त्याची मुळं हनुमानात असावीत असं मत मांडलं. इतरांनी ते खोडून चिनी लोककथांकडे बोट दाखवलं. तो वाद आजही सुरू आहे.

वावरातली राखण

पूजा आणि पीडा दोन्ही एकाच गावात असतात, हे बुलढाण्यात लपत नाही. कवेलूच्या घरांवर टोळी उतरली की कवेलू फुटतात. हरभरा घाटे धरतो, तुरीच्या शेंगा भरतात, तेव्हा शेतकरी गोफण, डबा, फटाके घेऊन राखण करतो. टोळी एका वावरातून उठते आणि शेजारच्यात उतरते. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे या वानराला मारता येत नाही, आणि बहुतेकांची तशी इच्छाही नसते. विजेच्या तारेला चिकटून एखादा वानर मेला की तोच शेतकरी वर्गणीला हातभार लावतो. मारुतीच्या देवळाजवळ खड्डा खणून, गुलाल-फुलं वाहून त्याला मूठमाती दिली जाते. काही गावांत तेरवीचं जेवणही होतं.

यातून वाट काढायची तर काही गोष्टी गावालाच ठरवाव्या लागतील. घाटरस्त्यांवर थांबून बिस्किटं, केळी, फुटाणे टाकणं थांबलं पाहिजे. पाला पचवायला घडलेल्या पोटाला मैदा आणि साखर सोसत नाही. शिवाय माणसाकडून खायला मिळतं हे एकदा कळलं की टोळी गाव सोडत नाही. नाल्याकाठचे उंबर, वड, पिंपळ, बांधावरची चिंच तोडली गेली, त्याच शिवारात वानर वावरात उतरणार. ही झाडं परत लावायला वनखात्याची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या गायरानावर ती लागू शकतात.

अभ्यासासाठीही हा जिल्हा मोक्याचा आहे. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत दाखवून दिलं की तापी आणि गोदावरीच्या उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी पाठीवरून कमान करून डोक्याकडे पुढे वळवतात, आणि दक्षिणेकडच्यांची शेपटी साधारणपणे मागे झुकते. शेपटीच्या ठेवणीवरून जाती-उपजातींची चर्चा आजही होते. वीर मारुतीच्या मूर्तीत डोक्यावर आलेली शेपटी ही उत्तरेकडची ठेवण आहे.

बुलढाणा जिल्हा या दोन खोऱ्यांच्या बरोबर मधोमध पसरला आहे. घाटाखालच्या नांदुरा, मलकापूर, शेगाव, संग्रामपूर तालुक्यांचं पाणी पूर्णेतून तापीला जातं. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजाचं पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णेतून गोदावरीला. घाटावर आणि घाटाखाली वानरांच्या शेपट्यांची ठेवण सारखी आहे की बदलते, हे पाहायला दुर्बीणही लागत नाही. टोळी जमिनीवरून चालत असताना शेपटीचं टोक पुढे आहे की मागे, एवढंच वहीत टिपायचं, सोबत गावाचं नाव आणि तारीख. जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या पोरांनी एका हिवाळ्यात हे काम केलं, तर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा तयार होईल आणि वानरांवर संशोधन करणाऱ्यांना तो हवाच असेल.